तिला मोठं घर कधी देणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या टॅरँटुलाचा, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याचा, डबा पाहणारा प्रत्येक जण हेच विचारतो: एवढ्याशा जागेत का ठेवलंय तिला, मोठ्या टाकीत कधी हलवणार?

हलवणं मला येतं. मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करायचा, पुढे पारदर्शक कप आडवा धरायचा, की ती आपणहून आत जाते. सगळं जमिनीवर बसून करायचं, म्हणजे निसटली तरी उंचावरून पडत नाही. म्हणूनच कुणी ‘भिता का?’ म्हटलं की राग येतो.

पण भितो, हेही खरं.

माझी पहिली मादी मेक्सिकन रेड-नी होती. पाय पसरले की जेमतेम 13 सेंटिमीटर. तिच्यासाठी मी 45 सेंटिमीटर उंच काचेची टाकी आणली, तळाला कोकोपीटचा पातळ थर आणि मधोमध शोभेचा दगड. तिला हलवताना काहीच अडचण आली नाही. नव्या जागेत टॅरँटुला पहिल्या काही रात्री भिंती चढत फिरतात, हे मला माहीत होतं. जमिनीवर राहणाऱ्या जातींना मातीपासून झाकणापर्यंत पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट उंची पुरे, हेही वाचलं होतं. तिच्यासाठी ती वीसेक सेंटिमीटर झाली असती. मला ती उगाचची धास्ती वाटली.

सकाळी ती दगडाला लागून बसली होती. पोटाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर, दगडावर फिकट निळसर ओल. कोळ्याचं रक्त लाल नसतं. मला आधी ते सांडलेलं पाणीच वाटलं. चिमूटभर कॉर्नफ्लॉर जखमेवर धरलं, ते भिजून निघालं. पुन्हा धरलं. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबावर. तो दाब उतरत गेला तसा एकेक पाय पोटाखाली वळत गेला. दुपारपर्यंत आठही वळले. या जातीच्या माद्या वीस वर्षांहून जास्त जगतात. ती सहा वर्षांची होती.

तेव्हाच्या मला अजूनही सांगावंसं वाटतं की तिला उंची नको होती, खोल माती आणि पाठ टेकायला बीळ हवं होतं. तो मला उलट विचारतो: मग आता मातीने भरलेली, बुटकी टाकी तयार असून तू थांबलायस कशासाठी? आत्ताची मादी पाय ताणते तेव्हा ते डब्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दहा दिवसांपूर्वी तिने कात टाकली. नवे विषदंत आधी पांढरे, मऊ असतात. ते काळे होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हे कारण खरंच आहे. काल पाहिलं, दात अजून लालसर होते. काळे झाले की हलवीन. मागच्या कातीच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.