सहा ओळींत फाल्काओ

२३ फेब्रुवारी २०१७ च्या अंकात आमच्या क्रीडा पानावर कोलंबियाचा फुटबॉलपटू रॅडामेल फाल्काओची एक चौकट छापली गेली. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता. मी स्वतः दोनदा तपासला होता. तरीही ती चौकट वाचून त्या माणसाबद्दल जे मत होईल ते साफ चुकीचं होतं, आणि हे कसं घडतं याचा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मराठी दैनिकात युरोपातलं फुटबॉल बहुतेक वेळा एक दिवस शिळं छापलं जातं. २०१७ मध्ये फेब्रुवारीतला चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाला सुरू व्हायचा. तोवर बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या गाड्या घाटात पोचलेल्या असतात आणि शहर आवृत्तीही छपाईला गेलेली असते. म्हणजे मंगळवारी रात्रीचा सामना वाचकाच्या हातात गुरुवारी सकाळी पडतो. निकाल त्याला मोबाइलवर आधीच कळलेला असतो. म्हणून आपण निकालापेक्षा जास्त काहीतरी द्यायला हवं, असं मी डेस्कवर सतत म्हणत आलो. पण जास्त द्यायला जागा लागते, आणि जागा क्रिकेटची असते.

त्या मंगळवारी, २१ तारखेला, मुंबई-पुण्यासह दहा महापालिकांचं मतदान होतं. ऑफिसात मतदानाच्या टक्केवारीशिवाय दुसरा शब्द ऐकू येत नव्हता. क्रीडा पान लवकर सोडायला लावलं होतं. पान सुटेपर्यंत शेवटची लोकल गेली, म्हणजे पहाटेपर्यंत मुक्काम ऑफिसातच. टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी होती. इंग्लंडची मँचेस्टर सिटी विरुद्ध फ्रेंच लीगमधला मोनॅको.

फाल्काओ त्या वेळी मोनॅकोचा कर्णधार होता. अकरा दिवसांपूर्वीच ३१ वर्षं पूर्ण झालेली. सिटीने स्टर्लिंगच्या गोलने आघाडी घेतली. मग गोलरक्षक कॅबालेरोची एक फसलेली किक फॅबिन्होकडे गेली आणि त्याने गोलसमोर क्रॉस टाकला. फाल्काओ दोन बचावपटूंच्या मधून पुढे झेपावला आणि जमिनीला समांतर होत हेडर मारला. पाच फूट दहा इंचांचा माणूस. हेडरसाठी ही काही मोठी उंची नाही. त्याची करामत उडीत नसून वेळेत आहे. क्रॉस मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागायच्या आधी हा निघालेला असतो, बचावपटू चेंडूकडे बघत राहतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. गोलच्या मागून घेतलेली रिप्ले नीट पाहिली तरच दिसतं. मी ती पुन्हा दाखवतील म्हणून वाट बघत राहिलो.

एम्बापेने १-२ केलं. उत्तरार्धात फाल्काओला पाडल्याबद्दल मोनॅकोला पेनल्टी मिळाली. ती त्यानेच घेतली आणि कॅबालेरोने अडवली. ती आत गेली असती तर १-३. थोड्याच वेळात अग्युरोचा साधा फटका मोनॅकोच्या गोलरक्षकाच्या हातून सुटला, २-२. आणि तीनच मिनिटांनी फाल्काओने स्टोन्सला अंगावर घेत मागे टाकलं आणि पुढे सरसावलेल्या कॅबालेरोच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. दहा मिनिटांपूर्वी याच गोलरक्षकाने याची पेनल्टी अडवली होती! अशा वेळी बहुतेक आघाडीपटू डोळे मिटून जोरात मारतात. याने मारलाच नाही, उचलला. माझ्या तोंडून एवढा मोठा आवाज निघाला की शेजारच्या टेबलावर प्रभागांची यादी लावत बसलेली माणसं वळून बघायला लागली.

शेवटी सिटीने आणखी तीन गोल करून सामना ५-३ असा जिंकला. त्याच रात्री फाल्काओचा जुना क्लब अ‍ॅटलेटिको माद्रिद लेव्हरकुसेनमध्ये ४-२ ने जिंकला होता. वेबसाइटसाठी बातमी टाकून मी पहिली लोकल पकडली.

बुधवारी संध्याकाळी पानाचं वाटप झालं. गुरुवारी मतमोजणी, म्हणून राजकारणाला जादा पानं आणि खेळाला एकच. त्यातही गुरुवारपासून पुण्याजवळ गहुंजेला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. त्या मैदानावरची पहिलीच कसोटी, तेव्हा लीड, म्हणजे मुख्य बातमी, तीच. फुटबॉलला अँकर, म्हणजे पानाच्या तळाची बातमी, मिळाली, फोटोसकट. आमचे क्रीडा संपादक म्हणाले, "फाल्काओची एक चौकट कर. सिंगल कॉलम, सहा ओळी."

मला आनंद झाला होता. चौकट हे माझं आवडतं काम. बातमी घाईत वाचली जाते, चौकट मात्र वाचतातच, कात्रणंही चौकटींचीच काढतात. मी एकेका क्लबाचं लिहिलं: पोर्तुगालचा पोर्टो, ८७ सामन्यांत ७२ गोल. अ‍ॅटलेटिको माद्रिद, ९१ सामन्यांत ७०. मँचेस्टर युनायटेड, २९ सामन्यांत ४. चेल्सी, १२ सामन्यांत १. आणि मध्ये एक ओळ, आकड्यांची नसलेली: जानेवारी २०१४, डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला.

ऑपरेटरने मजकूर पानात ओतला तेव्हा सगळं फिसकटलं. सिंगल कॉलममध्ये "अ‍ॅटलेटिको माद्रिद" आणि कंसातली वर्षं एका ओळीत बसत नाहीत. तुटून दोन ओळी होतात, आकडे तिसऱ्या ओळीवर जातात. "मँचेस्टर युनायटेड"चं "मॅन. युनायटेड" करता येतं, कुणालाही कळतं. अ‍ॅटलेटिकोचं तसं काही होत नाही. अक्षरांचा आकार अर्धा पॉइंट कमी केला, ओळींमधलं अंतर आवळलं. तरी दोन ओळी जास्तच. त्यातच बाजूच्या कॉलममध्ये शेवटच्या क्षणी जाहिरात आली आणि चौकट हलवण्याचीही सोय राहिली नाही.

संपादक माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाच मिनिटांत तोडगा काढला. पोर्टो गेलं. अ‍ॅटलेटिको गेलं. गुडघा गेला. मथळा आला "इंग्लंडमधला फाल्काओ", आणि खाली सहा ओळी:

मॅन. युनायटेड (२०१४-१५)
सामने २९, गोल ४
चेल्सी (२०१५-१६)
सामने १२, गोल १
मँचेस्टर सिटीविरुद्ध
गोल २, पेनल्टी हुकली

"सर, यात माणूसच दिसत नाही," मी म्हणालो.

"उलट दिसतो. ज्या शहराने याला नाकारलं तिथेच येऊन दोन गोल मारले. गोष्ट तयार आहे. आपल्या वाचकाला प्रीमियर लीग माहीत आहे, पोर्टो नाही."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. ते चांगले संपादक होते. पानाची रचना त्यांच्याइतकी कुणाला कळायची नाही. पण नाकारलं म्हणजे कुणाला नाकारलं, हे त्या चौकटीत कुठेच नव्हतं. पोर्टोकडून त्याने २०१०-११ च्या युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत, १४ सामन्यांत १७ गोल केले. जर्मनीच्या क्लिन्समनचा १५ गोलांचा विक्रम मोडला. उपांत्य फेरीत व्हिलारियालविरुद्ध एकट्याचे चार. डब्लिनच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच, हेडरने. पुढच्या वर्षी अ‍ॅटलेटिकोकडून बुखारेस्टला हाच चषक पुन्हा, अंतिम सामन्यात दोन गोल. ऑगस्ट २०१२ मध्ये युरोपियन सुपर कपमध्ये चेल्सीविरुद्ध पूर्वार्धातच तीन गोल. हीच ती चेल्सी, जिच्यापुढे आम्ही "गोल १" छापलं. त्याच डिसेंबरमध्ये डेपोर्टिवोविरुद्ध एका सामन्यात पाच. त्या दोन वर्षांत गोलसमोरच्या त्या चौकोनात जगात याच्याइतका धोकादायक माणूस नव्हता, हे माझं ठाम मत आहे.

मग २२ जानेवारी २०१४. तो मोनॅकोकडे आल्याला वर्षही झालं नव्हतं. फ्रेंच कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या एका हौशी संघाशी सामना होता आणि मागून आलेल्या टॅकलमध्ये गुडघा गेला. तीन दिवसांत पोर्टोला जाऊन शस्त्रक्रिया. कोलंबिया सोळा वर्षांनी विश्वचषक खेळणार होता आणि पात्रता फेरीत त्यांचे सर्वाधिक गोल याचेच होते. जूनमध्ये प्रशिक्षक पेकरमन यांनी अंतिम संघ जाहीर केला. त्यात फाल्काओ नव्हता. कोलंबिया त्याच्याशिवाय उपांत्यपूर्व फेरीत पोचला, ती कोलंबियाची विश्वचषकातली सर्वोत्तम कामगिरी.

त्यानंतर तीन महिन्यांत तो मोनॅकोकडून उसनवारीवर युनायटेडमध्ये होता. तरुणपणी अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबमध्येही त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आता दुसरी मोठी दुखापत, वय २८, नवी लीग, नवी भाषा, आणि प्रशिक्षक त्याला बऱ्याचदा बाकावर ठेवणारे. मार्च २०१५ मध्ये युनायटेडने त्याला २१ वर्षांखालील संघातून टॉटेनहॅमविरुद्ध उतरवलं. ते फोटो मी त्या रात्री एजन्सीच्या फीडवर पाहिले होते. तो कुठेही रुसलेला दिसत नव्हता, पोरांबरोबर पळत होता. हे सगळं "२९ सामने, ४ गोल" मध्ये येत नाही. आकडा खेळाडू कसा खेळला ते सांगतो, कोणत्या अवस्थेत खेळला ते सांगत नाही. आणि आमचा वाचक आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, कारण आम्हीच त्याला तशी सवय लावली आहे.

गुरुवारी दुपारी शहर डेस्कवरच्या एका सहकाऱ्याने विचारलं, "एवढा फ्लॉप माणूस कर्णधार कसा रे?" त्याचा दोष नव्हता. त्याने चौकट वाचली होती.

संध्याकाळी कोल्हापूरहून एका वाचकाचा फोन आला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा आणि तालमींचा मामला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा खेळतात तेव्हा अख्खी गल्ली भांडायला तयार असते. तिथल्या माणसाला प्रीमियर लीगपलीकडचं माहीत नसेल असं धरून चालणं हाच मुळात अपमान आहे. तो म्हणाला, "काय वो, पोर्टो आनि माद्रिदवाली वर्षं खाल्लासा व्हय?" मी त्याला जागेचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "मग चौकट टाकायचीच न्हाई." आणि फोन ठेवला. मला त्याचं म्हणणं पटलं. मी ते संपादकांनाही सांगितलं. ते म्हणाले, एका वाचकासाठी पान लावत नाहीत.

मोनॅकोने परतीचा सामना ३-१ ने जिंकला. दोन्ही सामने मिळून ६-६ अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलांच्या जोरावर मोनॅको पुढे गेला. फाल्काओ तेव्हा दुखापतीमुळे बाहेर होता, पण इंग्लंडमध्ये झालेल्या त्या तीन गोलांनीच त्यांना तारलं, आणि त्यातले दोन त्याचे होते. मे महिन्यात मोनॅको फ्रान्सचा विजेता झाला. लीगमध्ये त्याचे २१ गोल. पुढच्या वर्षी कझानमध्ये पोलंडविरुद्ध त्याने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला, वयाच्या ३२ व्या वर्षी.

२७ ऑक्टोबर २०२१ ला संधी चालून आली. तोवर पान माझ्याकडे आलं होतं. तुर्कस्तानचा गलातासराय क्लब करून तो माद्रिदला परतला होता, पण मोठ्या क्लबात नव्हे, रायो वायेकानोत. कामगारवस्तीतलं छोटं मैदान, एका गोलमागे प्रेक्षकांचा स्टँडच नाही, नुसती भिंत. पाठीवर ३ नंबर, जो बचावपटूंचा असतो. त्याचे वडील बचावपटूच होते. बार्सिलोनाविरुद्धचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाला, म्हणजे शहर आवृत्तीत बसणारा. तिसाव्या मिनिटाला त्याने पिकेला वळसा घातला आणि चेंडू खांबाला लागून आत गेला. १-०, तोच निकाल.

मी दोन कॉलम रुंदीची चौकट केली. "अ‍ॅटलेटिको माद्रिद" वर्षांसकट एका ओळीत बसलं. गुडघ्याचीही ओळ घेतली. टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता, त्यामुळे एक क्रिकेटची बातमी संक्षिप्तमध्ये ढकलावी लागली आणि त्याबद्दल सकाळच्या बैठकीत मला ऐकून घ्यावं लागलं. शहर आवृत्ती गेल्यानंतर पहाटे बार्सिलोनाने प्रशिक्षक कोमन यांना काढल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशीचं पान कोमन यांचं होतं, आणि फाल्काओ तिसऱ्या परिच्छेदात.

जुलै २०२४ मध्ये तो मायदेशी परतला, बोगोटाच्या मियोनारिओसकडे, ३८ व्या वर्षी. त्या दिवशी पानावर एका ओळीचीच जागा होती. एजन्सीच्या कॉपीत त्याची ओळख "मँचेस्टर युनायटेडचा माजी आघाडीपटू" अशी होती. नव्या उपसंपादकाने ती तशीच घेतली होती. मी ती काढून "कोलंबियासाठी सर्वाधिक गोल करणारा" असं लिहिलं. जागा जवळपास तेवढीच लागली.