ओरखडा भरत नसतो

पॉलिश म्हणजे चकाकी चढवणं, असा समज बहुतेकांचा असतो. खरं तर धातूवर काही चढत नाही, उलट तोच उतरतो. ओरखडा म्हणजे खाच, आणि ती काही भरून येत नाही. भोवतालचा सगळा धातू झिजवून खाचेच्या तळापर्यंत आणायचा, एवढंच काय ते पॉलिश.

आमच्या लातुरात गाडीला ओरखडे पडायला अपघात लागत नाही, धूळ पुरते. रस्त्यावरच्या खडीची कच वाऱ्यानं गाडीवर येऊन बसते आणि आपण सकाळी कोरडं फडकं घेऊन तीच कच गाडीभर फिरवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा गाडीवर बादली ओतायची कुणाची छाती होती? जुन्या फियाटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरचं ओरखड्यांचं बारीक जाळं ही त्या उन्हाळ्याची कमाई, असं मी ठासून सांगतो. घरचे म्हणतात, ते आधीपासूनच होतं.

घासायला बसण्याआधी नख फिरवून बघावं. न अडकता सरकलं तर काम सोपं, अडकलं तर अर्धा दिवस गेला समजा. आधी ६०० चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मग १०००, मग २०००; नंबर मोठा तितका पेपर बारीक. आणि पाण्यात साबणाचा एखादा थेंब. पेपर बदलला की हाताची दिशाही बदलायची, उभी होती ती आडवी. आधीच्या रेघा गेल्या की राहिल्या, ते तेव्हाच कळतं. मधला नंबर गाळून वेळ वाचवणारे हुशार लोक असतात. त्यांच्या ६०० च्या रेघा उन्हात शेजाऱ्याला आधी दिसतात.

खरी गंमत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. मेटल पॉलिश लावून कापड फिरवलं की ते काळंकुट्ट होतं. केवढी घाण निघाली, म्हणून माणूस खूश होतो. दुसरं कापड घेतो, तेही काळं. तिसऱ्याचीही तीच गत. ती घाण नसतेच, ॲल्युमिनियमच भुकटी होऊन निघत असतं. जन्मभर घासलंत तरी कापड पांढरं राहणार नाही. म्हणून कापडाला विचारू नये, पट्टीत ट्यूबलाइटची कड सरळ दिसली की उठावं.

क्रोमचा मामला निराळा. बंपर लोखंडी, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम, तोही बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ. तिथं पेपर लावला की निळसर चकाकीत पिवळट डाग उगवतो. तो खालचा निकेल. गंजाचे ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायचा फॉईल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवावा. फॉईल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं गंज निघतो आणि चरा पडत नाही. फॉईल कुणाला विचारून घेतला, हा प्रश्न नंतर येतोच.

“काय करलालाव काका? द्या, बफ मारून देतो,” असं गॅरेजवाला पोरगा म्हणतो. बफ म्हणजे मशीनवर गरगरणारं कापडी चाक. त्याच्या मशीनजवळ जायचं तर आधी गळ्यातला रुमाल काढावा लागतो. चाकानं टोक ओढलं तर मानही सोबत जाईल. तो स्वतः पट्टी चाकाच्या मध्याच्या खाली धरतो आणि वरची कड कधीच चाकासमोर येऊ देत नाही. कड सापडली की पट्टी हातातून हिसकून थेट भिंतीवर.

पट्ट्या त्याला दिल्या, बंपर नाही. डाव्या कोपऱ्यातल्या खाचेच्या तळाशी लोखंड दिसतं. ती घालवायची तर जुना क्रोम उतरवून, घासून, पुन्हा निकेल आणि क्रोम चढवून घ्यावा लागेल. “करून टाका ना, गाडी नवी दिसंल,” असं त्याचं म्हणणं. पण गाडी नवी दिसली की पेट्रोल पंपावर लोक ‘देता का?’ म्हणून मागं लागतात. तूर्त पावसाळ्यापुरतं त्या खाचेत मेण चोळून ठेवलंय.