चार विमानांचे पत्र

विमान उत्पादक कंपनीकडून येणारे विलंबाचे पत्र फार लांब नसते. 2024 च्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेले पत्र जेमतेम दीड पानाचे होते: आरंभी उभयतांमधील दीर्घ संबंधांचा गौरव, मग चार वाइड-बॉडी, म्हणजे रुंद धडाच्या मोठ्या विमानांच्या सुपूर्तीचे नवे महिने, आणि अखेरीस करारातील एका कलमाचा उल्लेख करून आपले सर्व हक्क राखून ठेवणारे एक वाक्य. मी एका विमान कंपनीच्या ताफा नियोजन विभागात काम करते. कोणते नवे विमान कोणत्या महिन्यात येणार, कोणते जुने विमान कधी परत जाणार आणि मधल्या काळात वेळापत्रक कशाच्या भरवशावर चालवायचे, हा आमच्या खात्याचा रोजचा हिशेब असतो. या आकाराची विमाने आजच्या बाजारात एअरबस आणि बोईंग या दोनच कंपन्या विकतात, तेव्हा पत्र त्यांपैकीच एकीचे होते. ते कोणाचे, हे करारातील गोपनीयतेमुळे सांगता येत नाही, आणि सांगितल्याने हकिगतीत फारसा फरकही पडणार नाही, कारण त्या वर्षी दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना तारखा पुढे गेल्याचे कळवले जात होते.

चार विमाने काही महिने उशिरा येणार, एवढेच ऐकले तर प्रकरण किरकोळ वाटते. प्रत्यक्षात विमान येण्याच्या कितीतरी आधी त्याच्याभोवतीचे सर्व काही हलू लागलेले असते. आमचे वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि नव्वद दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केल्याशिवाय वैमानिकाला प्रवासी घेऊन उडता येत नसल्यामुळे, विमान नसतानाही त्यांचा सराव टिकवण्यासाठी सिम्युलेटरचे तास विकत घेणे भाग होते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याच्या आणि तेथून उडण्याच्या राखीव वेळांची एक जोडी आम्ही मोठ्या खटपटीने मिळवली होती. तेथील नियमानुसार हंगामातील किमान 80 टक्के फेऱ्या प्रत्यक्ष केल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी त्या वेळेवरचा हक्क जातो. मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होणाऱ्या उन्हाळी वेळापत्रकातील काही तिकिटे विकलीही गेली होती. आणि ज्या जुन्या विमानांची जागा ही नवी विमाने घेणार होती, ती भाड्याची होती, आणि त्यांच्या भाडेकराराची मुदत संपत आल्याचे त्या विमानांच्या मालक कंपनीने आम्हांला आधीच कळवले होते.

दुपारी वित्तप्रमुखांपुढे बैठक ठरली होती. तत्पूर्वी मी पत्र घेऊन विधी विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, असले पत्र नेहमी शेवटून वर वाचत जावे. तारखा वाचून काय करणार? कलम कोणते लावले आहे, ते आधी बघा."

कलम आसनांसंबंधी होते. येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मोठ्या विमानातील सगळ्याच वस्तू उत्पादक स्वतः निवडत नाही. बिझनेस श्रेणीची आसने, पडदे, काही वेळा स्वयंपाकाचे कप्पेसुद्धा विमान कंपनी स्वतः निवडते आणि तिच्या खर्चाने ती सामग्री कारखान्यात पोहोचवली जाते. अशी सामग्री उशिरा पोहोचली, तर विलंबाचा भार ग्राहकावर येतो. उत्पादकाकडून दंड मिळत नाही, आणि किंमतवाढीचे सूत्र चालूच राहते. विमानाची किंमत एका आधारवर्षाच्या डॉलरमध्ये ठरवून, मजुरी आणि कच्च्या मालाच्या निर्देशांकांनुसार ती सुपूर्तीच्या महिन्यापर्यंत वाढवत न्यायची, अशी या धंद्याची रीत आहे. म्हणजे विमान जितके उशिरा, तितके ते महाग. आणि उशीर आपल्या माथी असेल, तर ही महागाईही आपल्याच माथी.

आमची आसने उशिरा होती, हे खरेच होते. स्पर्धक विमान कंपन्यांनी सरकते दार असलेली आसने आणली, म्हणून आमच्या वरिष्ठांनीही दाराचीच आसने मागवली होती. अशा आसनाला गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्क्याच्या चाचणीत टिकावे लागते, चाचणीसाठी आसनावर बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्याला बसणारा मार ठरावीक मर्यादेत राहावा लागतो, आणि अपघातानंतर दार अडकून प्रवासी आत कोंडला जाणार नाही, हेही सिद्ध करावे लागते. आसने बनवणारे कारखाने मोजके आणि मागणी अफाट, त्यामुळे आमच्या आसनांचे प्रमाणपत्र रखडले होते.

परंतु उत्पादकाच्या कारखान्यात आमचा एक निवासी प्रतिनिधी असतो आणि तो दर आठवड्याला अहवाल पाठवतो. ते अहवाल मी काढून ओळीने लावले. ज्या महिन्यात पहिल्या विमानात आसने बसायला हवी होती, त्या महिन्यात त्या विमानाच्या धडाचे भाग अंतिम जोडणीच्या शेडमध्येसुद्धा पोहोचलेले नव्हते. आसने वेळेवर आली असती, तरी ती बसवायला विमानच नव्हते. पत्रात याबद्दल अक्षरही नव्हते. आपला उशीर ग्राहकाच्या उशिराच्या सावलीत उभा करण्याची ही पद्धत मला त्या दिवशी प्रथमच इतकी उघड दिसली. विधी विभागातील सहकाऱ्यांना मात्र तिचे काही नवल वाटले नाही. त्यांनी अहवालांच्या तारखांखाली लाल रेघा मारल्या आणि उत्तराचा मसुदा लिहायला घेतला.

बैठकीपूर्वी आणखी एक काम उरकायचे होते. दुसऱ्या उत्पादकाच्या विक्री प्रतिनिधीला फोन करून, आम्ही त्यांच्याकडे वळलो तर विमाने कधी मिळतील, हे विचारायचे होते. याची कल्पना वरिष्ठांनी इतिहास आठवून सुचवली होती, आणि तो इतिहास खोटा नव्हे. 2006 मध्ये एअरबसच्या ए-380 या दुमजली विमानाचे वेळापत्रक कोलमडले, कारण हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते आराखड्याच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते आणि एकीकडे तयार झालेल्या तारांच्या जुड्या दुसरीकडे विमानात बसवताना आखूड पडत होत्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडेक्स या मालवाहतूक कंपनीने मालवाहू ए-380 ची दहा विमानांची मागणी रद्द केली आणि बोईंगकडे पंधरा 777 मालवाहू विमाने नोंदवली. तेव्हा ग्राहक रुसून दुसऱ्या दारी जाऊ शकत होता. पुढे बोईंगवरही हीच पाळी आली. 787 हे विमान 8 जुलै 2007 रोजी थाटामाटात कारखान्याबाहेर आणले गेले, पण ते आतून अपुरे होते आणि कित्येक ठिकाणी तात्पुरते खिळे मारून उभे केलेले होते. अमेरिकी पद्धतीने लिहिल्यास ती तारीख सात-आठ-सात अशी वाचली जाते, या हौसेपायी ती गाठली गेली, असे मला वाटते. पहिले उड्डाण डिसेंबर 2009 मध्ये झाले, आणि मे 2008 मध्ये मिळायचे विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला सप्टेंबर 2011 मध्ये मिळाले. त्या विमानाचे पंख जपानमधून, धडाचे काही भाग इटलीतून येत, आणि त्याच्या मोठ्या आवृत्तीतील प्रवासी मजल्याखालच्या संमिश्र पदार्थाच्या तुळया तर आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये बनू लागल्या. काम इतक्या देशांत वाटले, की एकाच्या अडचणीने सगळ्यांची रांग थांबते.

दुसऱ्या उत्पादकाचे प्रतिनिधी अत्यंत सौजन्याने बोलले. आमच्या अडचणीबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, आमच्या मार्गांना त्यांचे विमान कसे अनुरूप आहे हेही सांगितले, आणि मग या दशकात आमच्यासाठी एकही जागा रिकामी नसल्याचे तितक्याच सौजन्याने सांगितले. त्यात आश्चर्य नव्हते. 2024 च्या अखेरीस एकट्या एअरबसकडे साडेआठ हजारांहून अधिक विमानांच्या मागण्या शिल्लक होत्या आणि त्या पूर्ण वर्षात तिने 766 विमाने दिली. संपामुळे आणि गुणवत्तेच्या प्रश्नावरून उत्पादनावर आलेल्या निर्बंधांमुळे बोईंगची संख्या 348 वर थांबली. यांतील बहुतेक विमाने लहान आकाराची असली, तरी मोठ्या विमानांचे चित्र वेगळे नव्हते. 2019 मध्ये महिन्याला चौदा या वेगाने बनणारे 787 त्या वर्षी पाचाच्या आसपास बनत होते. म्हणजे दोन कंपन्यांत मागण्या मिळवण्याची चुरस जोरात चालू होती, पण मागणी नोंदवलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची मुदत कमी करण्याची चुरस कोणालाच करावी लागत नव्हती.

जुन्या विमानांचा भाडेकरार वाढवणे, एवढाच मार्ग उरला. तेथेही दुसऱ्यांच्या विलंबाची किंमत आम्ही मोजणार होतो. बोईंगचे 777-एक्स हे नवे मोठे विमान मूळ बेतानुसार 2020 मध्ये मिळायचे होते. ऑगस्ट 2024 मध्ये इंजिनाला विमानाच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भागात दोष आढळून त्याची चाचणी उड्डाणे थांबली, आणि पुढे त्याची पहिली सुपूर्ती 2027 वर गेली. त्याची वाट पाहणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी आपली जुनी विमाने सोडली नाहीत, लुफ्तान्झाने तर साठवून ठेवलेली ए-380 पुन्हा उडवली. परिणामी भाड्याच्या बाजारात मोठे विमान मिळेनासे झाले. आमच्या मालक कंपनीने जे भाडे सांगितले, ते विमान नवे असतानाच्या भाड्याहून फारसे कमी नव्हते, आणि मोठ्या तपासणीचा खर्चही आमच्याकडेच ठेवला होता. घासाघीस करायला आमच्या हाती काहीच नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होते.

बैठकीत वित्तप्रमुखांनी माझ्या तक्त्यांकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी विचारले, "म्हणजे नेमके किती मिळणार, ते सांगा." करारानुसार विलंबाच्या दर दिवसाला भरपाईची एक ठरावीक रक्कम होती आणि तिला वरची मर्यादा होती. ती पूर्ण मिळाली, तरी भाडेवाढ, सिम्युलेटर आणि जुन्या इंजिनांचे जादा इंधन यांचा निम्मा खर्चही भरून निघत नव्हता. हीथ्रोचा हक्क गेला असता, तर त्याचे मोल या हिशेबात कोठेच बसत नव्हते. अखेर हीथ्रोची फेरी जुन्या विमानाने चालवायची, दुसऱ्या एका शहराचा आरंभ पुढे ढकलायचा, आणि पहिल्या दोन विमानांत प्रमाणपत्र मिळालेली बिनदाराची आसने बसवायची, असे ठरले. शेवटच्या निर्णयावर विपणन विभाग फार नाराज झाला, पण आसनांचे कारण उत्पादकाच्या हातून काढून घेण्याचा दुसरा उपाय नव्हता.

आमच्या उत्तरावर उत्पादकाने बरीच पत्रापत्री केली. प्रतिनिधीच्या अहवालांपुढे त्यांचे कलम पूर्ण टिकले नाही आणि विलंबाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांनी स्वतःकडे घेतला. किंमतवाढही मूळ महिन्यावर गोठवली. भरपाई मात्र रोख मिळाली नाही. ती जमापत्राच्या रूपाने मिळाली, आणि ते जमापत्र त्याच कंपनीकडून सुटे भाग आणि प्रशिक्षण घेताना, अथवा पुढची विमाने नोंदवताना वापरायचे होते. पुढच्या विमानांचा प्रस्ताव सध्या माझ्याच टेबलावर आहे, आणि त्यात ती रक्कम आम्ही पहिल्या हप्त्यातून वजा धरली आहे.