परवानगीचं वाक्य डेटाबेसमध्ये कशाला?

जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कसोबत येणाऱ्या ॲडमिनची, म्हणजे व्यवस्थापनाच्या पानांची, भाषा मराठी करून एखादा ग्रुप (वापरकर्त्यांचा गट) उघडा. परवानग्यांच्या यादीतली प्रत्येक ओळ तीन तुकड्यांची असते: ॲप, मॉडेल (‘ग्राहक’, ‘पावती’ अशा एका प्रकारच्या नोंदींचा साचा) आणि परवानगीचं नाव. पहिले दोन तुकडे भाषांतर असलं की मराठीत येतात, तिसरा मात्र ‘कॅन ॲड कस्टमर’ असा इंग्रजीतच राहतो. यात भाषांतरकारांचा दोष नाही. ते वाक्य पीओ फाइलमध्ये, म्हणजे भाषांतरकारांसमोर येणाऱ्या वाक्यांच्या यादीत, कधी येतच नाही.

डेटाबेसची रचना कोडशी जुळवणारी ‘मायग्रेट’ कमांड भाषांतर बंद ठेवून चालते. ती संपली की जँगो प्रत्येक मॉडेलसाठी ॲड, चेंज, डिलीट आणि व्ह्यू अशा चार नोंदी करतो (व्ह्यू ही 2018 च्या 2.1 आवृत्तीतली भर). हक्क तपासताना ॲपचं लेबल आणि ‘ॲड_कस्टमर’ हे कोडनेम (परवानगीची कोडमधली ओळख) एवढंच पाहिलं जातं. नाव निव्वळ दाखवण्यापुरतं, आणि तरीही तेच डेटाबेसमध्ये गोठवून ठेवलेलं.

मराठी प्रकल्पांत याचा त्रास लगेच जाणवतो. व्हर्बोज_नेममध्ये (मॉडेलच्या दिसणाऱ्या नावात) गेटटेक्स्ट_लेझी हे भाषांतराचं फंक्शन न वापरता थेट ‘ग्राहक’ लिहिलं, की टेबलात ‘कॅन ॲड ग्राहक’ जाऊन बसतं. पुढे शब्द बदलून ‘खातेदार’ केलात तरी जुनी ओळ तशीच राहते, कारण मायग्रेट फक्त नसलेली कोडनेमं भरतो. असलेल्या नोंदीच्या नावाला हात लावत नाही.

मग मायग्रेट करतानाच भाषांतर का करू नये? एका नोंदीला एकच नाव, आणि साइट मात्र मराठी-इंग्रजी दोन्हींत. त्यामुळे ते बाद. दाखवताना नावाला गेटटेक्स्ट (वाक्याचं भाषांतर शोधून देणारं फंक्शन) लावलं तर? वाक्य चालू प्रोग्राममध्ये जुळवलेलं असल्याने कोडमधली वाक्यं गोळा करून पीओ फाइल बनवणाऱ्या मेकमेसेजेस कमांडला ते सापडत नाही. उरतो तिसरा मार्ग: ‘कॅन ॲड’चा साचा भाषांतरित करून त्यात मॉडेलचं नाव घालायचं. इथे व्याकरण आडवं येतं. ग्राहक जोडता येतो, पण पावती जोडता येते. ‘येईल’ने एकवचनात लिंगाचा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक भाषेला अशी पळवाट मिळेलच असं नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की वाक्य रचूच नये. नाम आणि क्रिया वेगवेगळे दाखवावेत: ‘ग्राहक: जोडणे’, ‘पावती: काढून टाकणे’. चार क्रियापदांचं भाषांतर एकदाच होतं आणि ते सगळ्या मॉडेलांना पुरतं.

हे आजही करता येतं. यादीतून अनेक नोंदी निवडू देणाऱ्या मॉडेल-मल्टिपल-चॉइस-फील्डचा उपवर्ग करून त्यात लेबल_फ्रॉम_इन्स्टन्स (प्रत्येक नोंदीचं लेबल ठरवणारी मेथड) लिहा. नोंदीच्या कंटेंट-टाइपवरून (परवानगी कोणत्या मॉडेलची ते सांगणाऱ्या दुव्यावरून) मॉडेल_क्लास() घ्या. मॉडेल कोडमधून काढून टाकलेलं असेल तर तिथे नन (पायथॉनमधलं ‘काहीच नाही’) येतं, तेव्हा मूळ नाव जसंच्या तसं दाखवा. मॉडेल मिळालं तर त्याच्या डीफॉल्ट_परमिशन्समधल्या (ॲड, चेंज वगैरे आपोआप मिळणाऱ्या) प्रत्येक क्रियेसाठी गेट_परमिशन_कोडनेमने कोडनेम बनवून नोंदीशी ताडून पाहा. अंडरस्कोरवर तोडून क्रिया ओळखायला जाऊ नका. ‘व्ह्यू_ऑडिट_लॉग’सारखी स्वतः घातलेली परवानगी तिथे फसवते. नवं फील्ड ग्रुप-ॲडमिनच्या फॉर्मफील्ड_फॉर_मेनीटूमेनीमधून फॉर्म_क्लास म्हणून द्या आणि ग्रुप अनरजिस्टर करून पुन्हा नोंदवा. हेच यूझर-ॲडमिनलाही करावं लागतं. तिथल्या यूझर-परमिशन्स हमखास राहून जातात. यादीचा क्रम अर्थात ॲप, मॉडेल आणि कोडनेम यांच्या कोडमधल्या इंग्रजी नावांप्रमाणेच राहील, शोधपट्टी मात्र दिसणाऱ्या मराठी लेबलांवर चालते.

मॉडेलच्या मेटामधल्या (त्याच्या सेटिंग्जच्या भागातल्या) स्वतः घातलेल्या परवानग्यांची नावं कोडमध्येच लिहिलेली असतात. ती गेटटेक्स्ट_नूपमध्ये (भाषांतर न करता वाक्यावर फक्त खूण करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळली की मेकमेसेजेस उचलतो. दाखवताना मग गेटटेक्स्ट लावायचं. अशा पीओ फाइलीत ‘फझी’ खुणा, म्हणजे भाषांतर अंदाजाने जुळवलंय असं सांगणाऱ्या खुणा, विशेष काळजीने पाहा. ‘कॅन अप्रूव्ह इनव्हॉइस’ नव्याने आलं की जवळच्या ‘कॅन रिमूव्ह इनव्हॉइस’चं भाषांतर त्याला चिकटू शकतं. खूण आहे तोवर ते संकलित होत नाही, पण न वाचता खूण काढली तर मंजुरीच्या हक्कापुढे ‘पावती काढून टाकणे’ दिसेल, आणि ग्रुप भरणारा माणूस त्यावर विश्वास ठेवून भलत्याच ओळीवर टिचकी मारेल.