लाल भोपळा: गराचे गुण वेगळे, बियांचे वेगळे

लाल भोपळ्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक घोळ कायम असतो. गराचे गुण बियांना चिकटवले जातात आणि बियांचे गराला. ‘भोपळ्यात भरपूर प्रथिनं असतात’, ‘भोपळ्यात फायबर खूप’, ‘भोपळ्याच्या बिया खा, डोळे चांगले राहतील’ ही तिन्ही वाक्यं या गफलतीतूनच आलेली आहेत. खरं तर एकाच सालीच्या आत दोन अगदी वेगळे पदार्थ असतात. गर म्हणजे जवळजवळ पाणी आणि बी म्हणजे जवळजवळ अर्धं तेल. दोघांचं प्रमाण वेगळं, शिजवण्याची रीत वेगळी आणि जपून खायची कारणंही वेगळी.

आधी गर बघू. १०० ग्रॅम कच्च्या गरात साधारण ९१ ते ९२ ग्रॅम पाणी असतं. उष्मांक फक्त २६, प्रथिनं १ ग्रॅम, कर्बोदकं साडेसहा ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे पोट साफ राहावं म्हणून कोणी नुसत्या भोपळ्यावर भिस्त ठेवली तर निराशाच पदरी पडेल. गराची खरी दौलत त्याच्या रंगात आहे. तो केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा. १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ३,१०० मायक्रोग्रॅम असतं आणि आपलं शरीर आतड्यात त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. पण हा व्यवहार एकास एक होत नाही. अन्नातल्या साधारण १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं धरतात. भोपळ्यातल्या इतर कॅरोटीनचीही भर धरली तर १०० ग्रॅम गरातून ४२० च्या आसपास मायक्रोग्रॅम हाती लागतं. प्रौढ माणसाची रोजची गरज ७०० ते ९०० मायक्रोग्रॅम. म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम भोपळ्यात दिवसाचा मोठा वाटा निघतो, आणि एवढ्या कमी उष्मांकांत हे साधणाऱ्या भाज्या मोजक्याच. जातीनुसार हे आकडे बरेच बदलतात. ढोबळ नियम एवढाच की गर जितका गडद केशरी तितकं कॅरोटीन जास्त. फिकट पिवळ्या गराकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता यात लोक कुठे चुकतात ते सांगते. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. वजन कमी करायचं म्हणून भोपळा नुसता उकडून, तेलाचा थेंबही न घालता खाल्ला तर त्यातलं बरंचसं कॅरोटीन न शोषलं जाताच बाहेर पडतं. चार फोडींना एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम तेल किंवा तूप पुरतं. ते त्याच भाजीत असलं पाहिजे असंही नाही, त्याच जेवणात असलं तरी चालतं. दुसरी गोष्ट म्हणजे कच्च्यापेक्षा शिजवलेला भोपळा या बाबतीत सरस. शिजल्यावर पेशींच्या भिंती मऊ होऊन फुटतात आणि आत अडकलेलं कॅरोटीन मोकळं होतं. क जीवनसत्त्वाचं मात्र उलट. ते मुळात १०० ग्रॅममध्ये ९ मिलिग्रॅमच असतं, आणि उष्णतेने व पाण्याने आणखी कमी होतं. म्हणून दोन सेंटिमीटरच्या फोडी करून झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं वाफवणं ही सगळ्यात चांगली रीत. सुरी टोचल्यावर सहज आत गेली पण फोड तुटली नाही की गॅस बंद करा. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर पोटॅशियमही त्याच्याबरोबर जातं.

मधुमेह असलेल्यांना भोपळ्याची उगाच धास्ती वाटते, आणि तिचं कारण एक आकडा आहे. जुन्या तक्त्यांमध्ये भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स ७५ च्या आसपास दिलेला आढळतो, आणि तो ऐकायला भयंकर वाटतो. पण हा इंडेक्स साखर किती वेगाने चढते ते सांगतो, किती चढते ते नाही. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकंच साडेसहा ग्रॅम असतील तर वेगाने चढायला तिथे फारसं काही नसतं. एका वाटीचा रक्तातल्या साखरेवरचा भार हलकाच राहतो. भोपळ्याचा गोड पदार्थ केला तर गोष्ट वेगळी. मग हिशोब घातलेल्या साखरेचा करायचा, भोपळ्याचा नाही.

रोज भरपूर भोपळा खाणाऱ्या काही जणांचे तळहात, तळपाय आणि नाकाच्या कडा पिवळसर दिसू लागतात. लहान बाळांना वरचं अन्न म्हणून रोज भोपळाच भरवला तर हे होऊ शकतं, आणि घरचे कावीळ समजून घाबरतात. ओळख सोपी आहे. उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. कॅरोटीनमुळे आलेल्या पिवळेपणात तो पांढराच राहतो, काविळीत तो पिवळा होतो. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावंच. नुसतं कॅरोटीन साचलं असेल तर प्रमाण कमी केल्यावर काही आठवड्यांत रंग आपोआप उतरतो. पण म्हणून भाजीऐवजी कोणी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांकडे वळू नये, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलेला दिसला. हा निष्कर्ष १९९४ सालचा. भाजी खाण्यातून असा धोका दिसलेला नाही.

आता बिया. टरफल काढलेल्या १०० ग्रॅम मगजात सुमारे ५६० उष्मांक, ४९ ग्रॅम तेल आणि ३० ग्रॅम प्रथिनं असतात. पण १०० ग्रॅम कोणी खात नाही आणि खाऊही नये. ३० ग्रॅम, म्हणजे पाव कपापेक्षा किंचित कमी, हे दिवसाचं योग्य माप. त्यातून ९ ग्रॅम प्रथिनं, अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह, सव्वादोन मिलिग्रॅम झिंक आणि सुमारे १७५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. यातला मॅग्नेशियमचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रोजची गरज ३०० ते ४२० मिलिग्रॅम असताना एका छोट्या वाटीत जवळजवळ निम्मी भरून निघते. या ३० ग्रॅममध्ये १७० च्या आसपास उष्मांकही येतात, हे टीव्हीसमोर बसून वाटीमागून वाटी संपवताना लक्षात राहत नाही.

बियांतलं लोह आणि झिंक सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, कारण बियांतलं फायटिक आम्ल त्यांना धरून ठेवतं. रात्री ६ ते ८ तास पाण्यात भिजवल्याने ते थोडं कमी होतं, पण भिजवलेल्या बिया पूर्ण वाळवल्या नाहीत तर दोन दिवसांत बुरशी धरतात. मिश्र आहार घेणाऱ्याने एवढा खटाटोप करायची गरज नाही. रक्त कमी असलेल्यांनी मात्र बियांबरोबर लिंबू, संत्रं असं काहीतरी आंबट खावं आणि चहा-कॉफी तासभर लांब ठेवावी.

प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या त्रासासाठी, या बियांचं नाव नेहमी घेतलं जातं. त्याला थोडा आधार आहे, पण थोडाच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत चौदाशेहून जास्त पुरुषांना वर्षभर बिया, बियांच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा निर्गुण (औषध नसलेल्या, फक्त तुलनेसाठीच्या) गोळ्या दिल्या होत्या. दिवसातून दोनदा ५ ग्रॅम बिया खाणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांना लघवीच्या त्रासात चांगला फरक पडला. निर्गुण गोळी घेणाऱ्यांतही ४७ टक्क्यांना पडलाच. कॅप्सूलचा निकाल निर्गुण गोळीपेक्षा वेगळा निघाला नाही. म्हणजे महागड्या कॅप्सूलपेक्षा साधी बी बरी, आणि बीचाही फायदा माफकच. बिया खाल्ल्याने वाढलेली ग्रंथी लहान होत नाही. लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा लघवी अडकणं यांपैकी काहीही असेल तर बियांवर दिवस काढू नयेत, आधी तपासणी करून घ्यावी.

शांत झोप, जंत, केसगळती यांबाबतचे दावे मात्र फार सैल आहेत. बियांत ट्रिप्टोफॅन हे झोपेशी जोडलं जाणारं अमिनो आम्ल असतं हे खरं, पण तेवढ्यावरून मूठभर बियांनी झोप लागते असं सिद्ध होत नाही. जंतांवर आज खात्रीची औषधं आहेत, मुलांना बिया चारून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

घरच्या भोपळ्याच्या बिया बहुतेक वेळा कचऱ्यात जातात, कारण साफ करणं किचकट वाटतं. भोपळा कापल्यावर लगेच हात घातला तर सोपं जातं. जाळी वाळली की बियांना घट्ट चिकटते. चमच्याने जाळीसकट बिया काढून पाण्याच्या भांड्यात टाका आणि तळव्यांत चोळा. बिया वर तरंगतात, जाळी सुटून खाली राहते. ‘तरंगते ती पोकळ’ हा नियम इथे लावू नका. भोपळ्याच्या ताज्या बीच्या टरफलात हवा असते, त्यामुळे चांगली भरलेली बीही तरंगते. पोकळ बी बोटांत दाबली की चपटी होते, तीच खरी परीक्षा. धुतलेल्या बिया कागदावर पसरू नका. त्यांच्यावरच्या बुळबुळीत पापुद्र्यामुळे त्या कागदाला चिकटून बसतात. ताटात किंवा सुती कापडावर एका थरात पसरून दोन-तीन दिवस कडक वाळवा. वाळलेली बी वाकत नाही, कट्कन मोडते.

भाजताना घाई नडते. मोठ्या आचेवर टरफल करपतं आणि आतला मगज कच्चा राहतो. जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत हलवणं. आठ-दहा मिनिटांत तडतड सुरू होते, बिया किंचित फुगतात. तेव्हा एक बी मोडून बघा. आतला मगज हिरवट आणि कडेला जेमतेम सोनेरी दिसला की उतरवा, कारण गरम कढईत त्या पुढेही भाजल्या जातात. मगज तपकिरी झाला की चव कडवट. ओव्हन असेल तर १६० अंशांवर २० मिनिटं, मध्ये एकदा परतून. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर वाफ धरून त्या मऊ पडतात. डबा हवाबंद, उजेडापासून लांब, आणि महिन्याच्या आत संपवायचा. पूड करायची तर आठवड्यापुरतीच, कारण पूड फार लवकर खवट होते. मिक्सर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. डब्यातून खवट किंवा कुबट वास आला तर पुन्हा भाजून वापरायचा मोह टाळा आणि बिया सरळ टाकून द्या.

टरफलासकट बिया खायला हरकत नाही, तंतू त्यातच जास्त असतात. पण मूठ-दोन मुठी एकदम, नीट न चावता आणि पाणी न पिता खाल्ल्या तर कडक बद्धकोष्ठ होतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी बी देऊच नये, ती घशात अडकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी गर आणि बिया दोन्हींचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावं. गरात पोटॅशियम आहे आणि बियांत पोटॅशियमबरोबर फॉस्फरसही भरपूर. पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या बिया अजिबात खाऊ नयेत, त्यांना बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.

एका गोष्टीत मात्र जराही सूट देऊ नये. कापलेला भोपळा कडू लागला तर तो खायचा नाही. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. बियांतल्या कुकुर्बिटिन या निरुपद्रवी अमिनो आम्लाशी नावाचं साम्य आहे, पण काम अगदी वेगळं. कुकुर्बिटासिनने काही मिनिटांत ते काही तासांत उलट्या, पोटात कळा आणि जोराचे जुलाब होतात. शिजवून, मीठ लावून किंवा गूळ-साखर घालून ते जात नाही, फक्त चव झाकली जाते. म्हणून शिजवण्याआधी कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेला लावून बघा आणि थुंकून टाका. कडू लागला तर अख्खा भोपळा टाकून द्या.

परसबागेतलं बी राखून ठेवणाऱ्यांनी तर ही परीक्षा दरवर्षी घ्यावी. शोभेचे कडू भोपळे बहुतेक कुकुर्बिटा पेपो या जातीचे असतात. जवळ त्याच जातीचा खायचा वेल असेल तर मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. त्या वर्षीचं फळ चवीला गोडच राहतं, कारण गर आईच्या वेलाचा असतो. कडूपणा बीमध्ये उतरतो आणि पुढच्या वर्षी, दिसायला हुबेहूब तशाच फळात बाहेर येतो.