गोल्जी स्टेनचा दिवस

आज एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला गोल्जी स्टेनच्या, म्हणजे मज्जापेशी रंगवायच्या जुन्या पद्धतीच्या, स्लाइड्स मस्त निघाल्या. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा काप. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादीच पेशी काळीभोर, आणि फोकस हळूच फिरवला की तिच्या फांद्यांवरचे बारीक काटेसुद्धा दिसतात. एक विद्यार्थिनी मायक्रोस्कोपवरून हलायलाच तयार नव्हती. "मॅडम, बाकीच्या पेशी कुठे गेल्या?" तिथेच आहेत गं! पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटची ही करामत १८७३ची. मोजक्याच पेशी रंगतात, आणि नेमक्या त्याच का, हे अजूनही पुरतं उलगडलेलं नाही. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता.

मग काहाल आणि गोल्जी या दोन शास्त्रज्ञांचा जुना वाद निघालाच. पद्धत गोल्जीची, पण मज्जापेशी सुट्या असतात हे काहालनं तिच्याच आधारे दाखवलं. १९०६चं नोबेल दोघांना मिळून, आणि गोल्जी तिथल्या भाषणातही मज्जापेशी म्हणजे एक सलग जाळं, हीच बाजू लढवत होता!

पेपर, ग्रँट, अहवाल यांत आमचे आठवडे जातात, ते चालायचंच. पण प्रॅक्टिकलच्या तासांना कात्री लावू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. नुसती आकृती पाठ करून न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, कळत नाही. पुढच्या आठवड्यात सेरिबेलमचे, म्हणजे लहान मेंदूचे, काप घेतोय, तिथल्या पर्किंजे नावाच्या मज्जापेशींसाठी.