विकी वाचणाऱ्या एजंटची टूल-वर्णनं: चौथ्या फेरीची नोंद

एजंट म्हणजे दिलेली टूलं बोलावून काम करणारं भाषा-मॉडेल. कोणतं टूल कधी वापरायचं हे ते टूलच्या वर्णनावरून ठरवतं. या फेरीत टूलं पाचाची चार झाली. मांडणी तीच: मीडियाविकीच्या (विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर) एपीआयवर (इतर प्रोग्रॅमना त्यातली माहिती देणारी सोय) बसवलेला, फक्त वाचणारा एजंट. शिल्लक टूलं: शोध, विभागयादी, विभागवाचन, दुवे. (कोडमधली नावं रोमन अक्षरांतच ठेवलेली बरी. बऱ्याच मॉडेल-सेवा टूलच्या नावात देवनागरी घेत नाहीत. वर्णनात मात्र चालते.)

गेलं ते 'पान उघडा'. ते हाताशी असलं की मॉडेल दर वेळी तेच उचलायचं, आणि माहितीचौकट, संदर्भ, तळाचे साचे (अनेक पानांत वापरला जाणारा तयार मजकूर) यांच्यासकट सगळं पान कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलसमोरच्या मर्यादित मजकुरात, ओतलं जायचं. 'फक्त लहान पानांसाठी वापरा' ही ओळ वर्णनात होती, पण निरुपयोगी. पान लहान आहे हे उघडण्याआधी कळणार कसं? वर्णनातली अट मॉडेलला टूल बोलावण्याच्या क्षणी तपासता आली पाहिजे. ही एकच कसोटी लावून बाकीची वर्णनं पुन्हा लिहिली.

शोधाचं जुनं वर्णन 'विकीवर माहिती शोधते' एवढंच होतं. मग 'नेमकं शीर्षक माहीत नसेल तेव्हा वापरा' असं केलं. तेही फसलं, कारण मॉडेलला सगळी शीर्षकं माहीत असल्यासारखंच वाटतं. आताचं असं:

'विकीतल्या पानांत शब्द शोधून शीर्षकं आणि प्रत्येकाचा छोटा उतारा देते. शीर्षक वापरकर्त्याच्या प्रश्नात किंवा आधीच्या टूल-निकालात जसंच्या तसं आलेलं नसेल तर आधी हे वापरा. २ ते ४ कळीचे शब्द द्या, पूर्ण प्रश्न देऊ नका. उतारा हा पुरावा नव्हे. उत्तरासाठी विभाग वाचा. निकाल शून्य आले तर एक शब्द कमी करून पुन्हा शोधा.'

पूर्ण प्रश्न नको, कारण विकिपीडियावरचा सिरससर्च (तिथलं शोधयंत्र) एरवी दिलेले सगळेच शब्द पानात असावेत अशी अपेक्षा धरतो. 'कोणत्या', 'सांगा' असले शब्द घुसले की निकाल आटतात. त्या विकीच्या भाषेचे प्रत्यय काढणारी सोय शोधयंत्रात नसेल तर 'शब्द मूळ रूपात द्या' हेही जोडावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला विभागयादीने. एपीआय प्रत्येक विभागाला दोन आकडे देतो: अनुक्रमणिकेत दिसणारा 'नंबर' (१, २, २.१, ३) आणि विभाग मागवताना लागणारा 'इंडेक्स' (१, २, ३, ४). मॉडेलने नंबर ३ पाहून ३ मागितला की त्रुटी येतच नाही, गुपचूप २.१ चा मजकूर येतो आणि उत्तर आत्मविश्वासाने चुकतं. वर्णनात फरक समजावण्यापेक्षा निकालातून 'नंबर' काढूनच टाकला. विभाग ०, म्हणजे पानाची प्रस्तावना, या यादीत नसतो. तो कोडने वर जोडला. साच्यातून आलेल्या विभागांचा इंडेक्स 'टी-१' अशा धर्तीचा असतो, ते गाळले. यादी आणि वाचन यांच्या मध्ये कुणी पान संपादित केलं तर आकडे सरकतात, म्हणून यादीसोबत आवृत्ती-क्रमांक द्यायचा आणि वाचताना तोच 'ओल्डआयडी'मध्ये (ठरावीक आवृत्ती मागवण्याचा एपीआयचा रकाना) परत घ्यायचा.

विभागवाचनाच्या वर्णनात एक वाक्य वाढलं: 'विभागासोबत त्याचे उपविभागही येतात, ते वेगळे मागवू नका.'

पुनर्निर्देशनाबद्दल (एका शीर्षकावरून आपोआप दुसऱ्या पानावर जाणं) वर्णनात अवाक्षर नाही. ते कोड स्वतः सोडवतो आणि 'मागितलेलं शीर्षक' व 'उघडलेलं शीर्षक' दोन्ही देतो. निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या अनेक विषयांची यादी) असेल तर पानाच्या गुणधर्मावरून ओळखून निकालाच्या पहिल्याच ओळीत तसं सांगतो. कोडला जमतं ते मॉडेलला समजावत बसायचं नाही.

दुव्यांच्या टूलमध्ये खोट एपीआयच्या क्रमात होती. काही न सांगता दुवे मागितले तर १० येतात, सामान्य खात्याला कमाल ५००. क्रम नामविश्व (लेख, चर्चा, साचा असे पानांचे प्रकार) आणि शीर्षकानुसार, महत्त्वानुसार नव्हे. शिवाय तळाच्या मार्गदर्शक साच्यातले दुवेही त्यातच. पहिले १० म्हणजे सर्वांत जवळचे, असं मॉडेल गृहीत धरतं. आता दुवे विभागापुरतेच मागवतो. वर्णनात 'क्रमाला अर्थ नाही' हे तीन शब्द पुरले.

त्रुटीचे संदेश हा वर्णनाचाच भाग समजावा. नुसतं 'पान सापडलं नाही' म्हटलं की मॉडेल शुद्धलेखन बदलत तेच टूल ठोकत बसतं. आताचा संदेश: 'या शीर्षकाचं पान नाही. शोध वापरून शीर्षक मिळवा.' मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूलं जोडण्याची ठरलेली पद्धत) वापरणाऱ्यांनी हा संदेश टूलच्या निकालात, त्रुटीची खूण लावून पाठवावा. प्रोटोकॉल पातळीवरची त्रुटी टाकली तर ती मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

मराठीपुरती एक खोच: 'ऱ्य' मधला र दोन प्रकारे टंकला जातो, 'ऱ' वापरून किंवा साध्या र नंतर हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना सारखं, विकीला वेगळं शीर्षक. शीर्षक पाठवण्यापूर्वी कोडने दोन्ही रूपं तपासावीत.

तपासणी साधी ठेवली आहे. ठरावीक प्रश्नांवर एजंट चालवायचा आणि आधी फक्त पहिली हाक बघायची: कोणतं टूल, कोणते शब्द. वर्णनातला बहुतेक दोष तिथेच दिसतो. एका वेळी एकाच टूलचं वर्णन बदलायचं, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही.

पुढच्या फेरीसाठी बाकी: तक्ते. विभाग ४,००० अक्षरांवर कापला की तक्ता मधोमध तुटतो आणि खालच्या ओळींचे स्तंभ-मथळे हरवतात. कापताना मथळ्याची ओळ पुन्हा जोडून बघायची आहे.